अल्पवयातला गुन्हा आणि शस्त्र परवाना: वडिलांची बंदूक नावावर होईल का?

माडाची सावली

नमस्कार मंडळी. शस्त्र परवान्याबद्दल नेमकी माहिती हवी आहे. प्रकरण सिंधुदुर्गातले आहे. वडिलांच्या नावे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक होती. यंदा वडील वारले. मुलगा २९ वर्षांचा, शेती तोच बघतो, आणि परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचा आहे.

अडचण अशी की २०१३ साली, वय १७ वर्षे ४ महिने असताना, बांधावरून झालेल्या मारामारीत चार मोठ्या माणसांबरोबर त्याचेही नाव फिर्यादीत आले. भारतीय दंड संहिता कलम ३२४ (घातक हत्याराने दुखापत) व ३४ (समान इरादा). त्याचे प्रकरण वेगळे काढून बाल न्याय मंडळापुढे चालले. २०१५ मध्ये मंडळाने दोषी धरले आणि वडिलांकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेऊन सोडून दिले. मोठ्यांचा खटला तालुक्याच्या न्यायालयात चालून ते पुढे निर्दोष सुटले. त्यानंतर मुलावर एकही गुन्हा नाही.

आता पोलीस ठाण्यात तोंडी सांगतात की नाव रेकॉर्डला दिसते, परवाना होणार नाही. नेटवर शोधले तर कुणी म्हणते बालपणीचा गुन्हा कायमचा अपात्र करतो, कुणी म्हणते वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच. खरे काय? आणि अर्जातल्या ‘दोषी ठरला आहात का’ या रकान्यात काय लिहायचे?

---

कलमवाले

तिसाव्या वर्षाची अट भारतात कुठेच नाही. ती कॅलिफोर्नियाची आहे, ते वाचलेले बाजूला ठेवा.

आपल्याकडे बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. परवाना हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो, आणि कोणाला शस्त्र बाळगता येणार नाही ते कलम ९ मध्ये लिहिले आहे. ज्याला २१ वर्षे पूर्ण नाहीत तो. हिंसा किंवा नैतिक अधःपतन असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरून ज्याला कारावासाची शिक्षा झाली तो, शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे. आणि शांतता राखण्याबद्दल किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली ज्याच्याकडून बंधपत्र घेतले आहे तो, त्या बंधपत्राची मुदत असेपर्यंत.

यातला दुसरा मुद्दा नीट वाचा. नुसते ‘दोषी’ असून भागत नाही, कारावासाची शिक्षा झालेली हवी. बाल न्याय मंडळ कारावासाची शिक्षा देतच नाही. समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, पालकांच्या ताब्यात परिवीक्षेवर सोडणे, आणि फार तर ३ वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे, एवढेच मंडळाच्या हातात आहे. विशेष गृह म्हणजे तुरुंग नव्हे. त्यामुळे या मुलाच्या बाबतीत कलम ९ ची ही अट मुळात लागूच होत नाही.

आता समजा, कोणी ओढूनताणून लागू केली. तरी बाल न्याय कायदा आडवा येतो. २०१३ चे प्रकरण असल्यामुळे २००० चा जुना कायदा धरायचा. त्याचे कलम १९ सांगते की या कायद्याखाली ज्या बालकाचे प्रकरण हाताळले गेले, त्याला दुसऱ्या कोणत्याही कायद्यातली, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही. नव्या, २०१५ च्या कायद्यात हेच कलम २४ आहे. त्यात सोळा वर्षांवरील मुलांसाठी एक अपवाद घातला आहे, पण तो कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. २०१३ च्या घटनेला तो अपवाद चिकटवता येत नाही.

म्हणजे दोन स्वतंत्र कारणांनी हा मुलगा अपात्र ठरत नाही. ठाण्यात तोंडी जे सांगितले ते कायद्याला धरून नाही.

पण ‘अपात्र नाही’ याचा अर्थ ‘परवाना मिळणारच’ असा घेऊ नका. कलम १४ मध्ये परवाना अधिकाऱ्याला आणखी एक दार उघडे ठेवले आहे: अर्जदार ‘कोणत्याही कारणास्तव’ परवान्यास अयोग्य वाटला किंवा सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटले, तर तो नाकारू शकतो. जुन्या नोंदींचा खेळ होतो तो इथे. म्हणून सगळा जोर नोंद साफ करण्यावर द्या.

---

गृहशाखा

वर कायद्याचे बरोबर सांगितले आहे. प्रत्यक्ष फाईल कुठे अडते ते मी सांगतो.

१८ वर्षांखालील मुलावर साधारणपणे गुन्हा नोंदवतच नाहीत. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर नसेल तर स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, एवढ्यावर भागते. अपवाद दोन: गुन्हा अतिगंभीर असेल, किंवा सज्ञान माणसांबरोबर मिळून केल्याचा आरोप असेल. तुमच्या प्रकरणात चार मोठी माणसे होती. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) पडला, आणि मुलाचे प्रकरण वेगळे काढले तरी मूळ फिर्यादीत त्याचे नाव तसेच राहिले. मंडळाने आपल्याकडची कागदपत्रे नष्ट केली तरी मोठ्यांच्या खटल्याची फाईल आणि सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय गुन्हे नोंद प्रणालीतली नोंद कोणी हलवत नाही. पडताळणीला बसलेला अंमलदार नाव टाकतो, गु.र.नं. समोर येतो, वयाकडे कोणी पाहत नाही. ‘रेकॉर्डला दिसते’ म्हणतात ते हेच.

म्हणून अर्ज करण्याआधी पुढचे उरका.

ज्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाने आदेश दिला, तिथल्या प्रधान दंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. त्यात पोलीस ठाणे, गु.र.नं. व वर्ष, मंडळाकडचा प्रकरण क्रमांक आणि अंतिम आदेशाची तारीख लिहा. मागण्या दोन ठेवा. पहिली, अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत. दुसरी, नोंदी नष्ट करण्याचा आदेश झाला असेल तर त्याची प्रत, आणि झाला नसेल तर तसा आदेश करून पोलिसांना कळवावे.

क्रम उलटा करू नका! आधी प्रमाणित प्रत हातात घ्या, मग नष्ट करण्याचा आग्रह धरा. नोंदी अपिलाची मुदत किंवा ७ वर्षे एवढ्याच काळ ठेवायच्या असतात. २०१५ चा आदेश म्हणजे ७ वर्षे २०२२ मध्येच संपली. मंडळाकडची फाईल नष्ट झाली असेल, तर प्रकरण मंडळापुढे चालले होते हे दाखवायला तुमच्या हातात काहीच उरणार नाही, आणि पोलिसांकडचा गु.र.नं. मात्र तसाच राहील. ही सर्वांत वाईट अवस्था. फाईल नसेल तर मंडळाकडून ‘अभिलेख नियमानुसार नष्ट’ असे पत्र घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडा. घटनेची तारीख आणि जन्मतारीख शेजारी ठेवली की घटनेदिवशी १८ पूर्ण नव्हते हे कोणालाही दिसते.

मग पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करा की मंडळाच्या आदेशाप्रमाणे नोंद अद्ययावत करावी. पोच घ्या. त्यात २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४(२) चा उल्लेख हवाच. बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ‘किंवा अन्यथा’ पोलिसांनी उघड करायची नाही, असे ते कलम सांगते. ‘किंवा अन्यथा’ या दोन शब्दांत शस्त्र परवान्याचा अहवालही बसतो.

एवढे झाल्यावर परवान्याचा अर्ज. नमुना ए-१, पांढऱ्या पार्श्वभूमीचे ४ फोटो, वय, ओळख व राहत्या जागेचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. वारसाचा अर्ज असल्याने वडिलांचा मृत्यू दाखला, मूळ परवाना, आणि इतर वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र. आई किंवा बहिणीची सही राहिली म्हणून परत आलेल्या फाईली जुन्या गुन्ह्यामुळे अडलेल्या फाईलींपेक्षा कितीतरी जास्त असतात. शेतीसंरक्षणासाठी चालू सातबारा जोडा आणि पीक नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही. सिंधुदुर्गात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना अधिकारी जिल्हादंडाधिकारी.

---

माडाची सावली

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या. वडिलांनी दिलेले बंधपत्र ‘चांगल्या वर्तणुकीचे’ होते, मग कलम ९ ची तिसरी अट लागेल का? आणि बंदूक अजून घरी माळ्यावर आहे, परवाना होईपर्यंत ती तिथेच ठेवली तर चालेल ना?

---

कलमवाले

बंदूक घरी ठेवणे अजिबात चालणार नाही. हे उद्यावर टाकू नका.

परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आज ती बंदूक ज्याच्या ताब्यात आहे तो विनापरवाना शस्त्र बाळगतो आहे. कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान २ आणि कमाल ५ वर्षे कारावास आहे. २०१३ चे प्रकरण त्याला अपात्र करत नाही, पण माळ्यावरची बंदूक करेल, कारण हा गुन्हा वयाच्या २९ व्या वर्षी, सज्ञान म्हणून झालेला असेल. मूळ परवाना आणि मृत्यू दाखला घेऊन जा. बंदुकीचा क्रमांक लिहिलेली जमा पावती घ्या. दारू, छरे, केपा असतील तर त्यांची नोंदही पावतीवर करून घ्या. ती पावती पुढे अर्जाला लागेल.

बंधपत्राचे बघू. नावे सारखी, पण गोष्टी निराळ्या आहेत. कलम ९ मध्ये अभिप्रेत आहे ती आपण जिला ‘चॅप्टर केस’ म्हणतो ती प्रतिबंधक कारवाई: जुने कलम १०७, ११० वगैरे, जी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६, १२९ झाली आहेत. तुमच्या वडिलांनी दिले ते मंडळाच्या आदेशावरचे परिवीक्षेचे बंधपत्र. त्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची, म्हणजे फार तर २०१८ मध्ये संपली. शिवाय चालू बाल न्याय कायद्याचे कलम २२ बालकाविरुद्ध चॅप्टरची कारवाई करायलाच मनाई करते. पोलीस अहवालात ‘चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतले होते’ एवढेच वाक्य आले, तर वाचणारा चॅप्टर समजून नकार लिहितो. म्हणून मंडळाच्या आदेशात बंधपत्राचे कलम कोणते लिहिले आहे ते अधोरेखित करून जोडा.

---

तिसरी बाजू

रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न राहिलाच आहे, आणि माझ्या मते अर्जदाराला सगळ्यात जास्त धोका त्यातच आहे.

काही वकील सरळ ‘नाही’ लिहायला सांगतात. तर्क असा की कलम १९/२४ ने दोषसिद्धीचा परिणाम पुसला, नोंदही नष्ट, मग सांगायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्र सरकार विरुद्ध रमेश बिष्णोई या खटल्यात म्हटले आहे की अल्पवयातले आरोप, अगदी दोषसिद्धी झाली असती तरी, पुढे नोकरीच्या आड आणता येत नाहीत. पण तो निर्णय नोकरीचा आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७(३) मध्ये महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द करण्याची तरतूद आहे. शेजारपाजारचा वाद उकरला की याच कलमाखाली तक्रार होते.

म्हणून आधी रकान्याचे शब्द वाचा. नमुना ए-१ ‘दोषी ठरला आहे का’, ‘बंधपत्राचा आदेश झाला आहे का’, ‘कायद्याने मनाई आहे का’ असे विचारतो. शब्द ‘दोषी’ असेल, आणि मंडळाचा नोंदी नष्ट करण्याचा आदेश तुमच्याकडे असेल, तर ‘नाही’ हे उत्तर टिकते. पण काही ठिकाणी सोबत स्थानिक प्रतिज्ञापत्र घेतात आणि त्यात ‘माझ्याविरुद्ध आजवर कोणताही गुन्हा नोंद झालेला नाही’ असे छापील वाक्य असते. त्यावर डोळे मिटून सही करू नका. ते वाक्य तुमच्या बाबतीत खरे नाही, गु.र.नं. पडला होता. वाक्य खोडून असे लिहा: ‘बाल न्याय कायद्याने संरक्षित बाबी वगळता माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही.’ यात खोटे काही नाही, लपवल्याचा आरोपही राहत नाही, आणि कायद्याने झाकलेली माहिती आपण होऊन उघडीही पडत नाही.

---

गृहशाखा

हे वाक्य मलाही योग्य वाटते. मी एवढीच भर घालेन की मंडळाच्या आदेशाची प्रत अर्जाला आपण होऊन जोडू नका. पोलीस अहवालात जुना गु.र.नं. आला आणि खुलासा मागितला, तरच बंद पाकिटात द्या. फाईल पाच-सात टेबलांवरून फिरते. म्हणून वर सांगितलेले बंधपत्राचे कलम अधोरेखित करणेही त्या पाकिटातल्या प्रतीवरच.

---

रानवाट

विषय जवळचाच आहे म्हणून विचारतो. हीच घटना २०१८ मध्ये झाली असती तर उत्तर बदलले असते का?

---

कलमवाले

या गुन्ह्याला नाही. कलम ३२४ ला कमाल शिक्षा ३ वर्षे होती. मुलाला सज्ञान म्हणून चालवण्याचा प्रश्न फक्त अतिगंभीर गुन्ह्यात येतो, म्हणजे ज्याला किमान शिक्षा ७ वर्षे किंवा जास्त आहे. किमान शिक्षा ठरवलेलीच नसेल आणि कमाल ७ वर्षांहून जास्त असेल, तर तो गुन्हा अतिगंभीर धरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केले.

खून, बलात्कार, दरोडा घालताना खून अशा प्रकरणांत, मुलगा १६ पूर्ण असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथे २०१५ च्या कायद्याच्या कलम १९(१)(i) खाली सज्ञान म्हणून खटला चालून तो दोषी ठरला, तर कलम २४ चे संरक्षण जाते आणि नोंदही नष्ट होत नाही, बाल न्यायालय ती ठेवते. २१ व्या वर्षापर्यंत सुरक्षित ठिकाणी, नंतर बाल न्यायालयाने सोडले नाही तर उरलेली शिक्षा तुरुंगात. असा कोणी २०१८ मध्ये १० वर्षांची शिक्षा लागून २०२८ मध्ये सुटला, तर २०३३ पर्यंत कलम ९ ची मनाई. त्यानंतर अर्ज करता येतो, पण कलम १४ खाली ‘अयोग्य’ ठरवायला अधिकाऱ्याकडे सबळ कारण असते आणि न्यायालय त्यात सहसा हात घालणार नाही.

एक जुना घोटाळाही सांगतो. घटनेवेळी १७ वर्षांचा असलेला मुलगा, वयाचा मुद्दा कोणी काढलाच नाही म्हणून नेहमीच्या न्यायालयात चालवला गेला आणि त्याला शिक्षा झाली, अशी प्रकरणे असतात. तिथे कागदावर सरळ दोषसिद्धी आणि कारावास आहे, कलम ९ लागते. उपाय आहे: अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यानंतरही करता येतो. पुराव्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पहिले, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्म दाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी. तो दावा मान्य झाल्याशिवाय परवान्याचा अर्ज करू नका.

---

न्यू जर्सीकर

प्रश्नात अमेरिकेची सरमिसळ झाली आहे, म्हणून थोडक्यात. इथे संघराज्याच्या कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. पण बाल न्यायालयाचा निष्कर्ष ही साधारणपणे त्या अर्थाने दोषसिद्धी धरत नाहीत. राज्यांचे कायदे मात्र वेगळे: कॅलिफोर्नियात ठरावीक गुन्ह्यांत बाल न्यायालयाने दोषी धरले, तर ३० वर्षांचे होईपर्यंत मनाई. जून २०२२ च्या कायद्यानंतर २१ वर्षांखालील कोणी दुकानातून बंदूक घेत असेल, तर राज्याकडच्या बालवयीन नोंदीही तपासतात आणि त्यासाठी विक्री १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत थांबू शकते. आपल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच मनाई आहे, मग बालपणीची नोंद असो वा नसो. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही.

---

माडाची सावली

बंदूक आज जमा केली, पावती मिळाली. सगळे करूनही नकार आला तर?

---

गृहशाखा

पोलीस अहवालाला नियमाने ३० दिवस असतात. मुदतीत आला नाही तर अधिकारी अहवालाशिवायही निर्णय घेऊ शकतो, पण सहसा घेत नाहीत, म्हणून ३० दिवसांनंतर लेखी स्मरणपत्र द्या. नकार तोंडी घेऊ नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४(३) प्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर थोडक्यात द्यावी लागतात. आदेशात ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ एवढेच असेल, तर अपिलात तो टिकवणे अवघड जाते.

अपील कलम १८ खाली, ३० दिवसांत. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरला. अपिलात मुद्दे तीनच ठेवा: कारावास झालेला नाही, कलम १९/२४ चे संरक्षण आहे, आणि कलम ७४(२) विरुद्ध जाऊन मिळवलेल्या नोंदीवर आदेश आधारला आहे. तिथेही नाही झाले तर उच्च न्यायालयात रिट. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील.

आणि परवाना झाल्यावरचे एक. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. गवा अनुसूची १ मध्ये आहे. बागेत शिरला म्हणून त्याच्यावर बार टाकला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा गुन्हा लागेल. त्याला सज्ञान माणसाचा गुन्हा म्हणतात आणि त्यावर कलम २४ नाही.